शेवटचा टेकू

“माझं कुणी ऐकलंच नाही!” ही तक्रार एका गवंडिणीची. फार फार जुनी, डोंगरापलीकडच्या एका राज्यातली. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

त्या राज्यात राजाची मुद्रा मिळाल्याशिवाय गवंड्याला दुसऱ्याचं घर बांधता येत नसे. मुद्रा तांब्याची, तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं. वर्षातून एकदाच ती मिळे, आणि परीक्षा अशी, की अंगावर काटा यावा. गवंड्यानं दगडचुन्याची कमान बांधायची. तिच्याखाली त्याच्या बायकापोरांनी पाटावर जेवायला बसायचं. मग कमानीचे लाकडी टेकू गवंड्यानं आपल्या हातानं एकेक करून काढायचे. कमान उभी राहिली, तर मुद्रा गळ्यात.

त्या दिवशी बायका रडायच्याच. इतक्या रडायच्या, की लोक त्या रडण्याला शुभ मानायला लागले. इथंच घात झाला.

आदल्या दिवशी ही गवंडीण कमानीखाली सारवायला गेली. सहज सांध्याला नख लावलं, तर ते खरवसात जावं तसं आत गेलं. पाऊस फार दिवस पडत राहिला होता, चुना सुकून आवळलाच नव्हता. तिनं नवऱ्याला हाक मारली.

“अहो, चुना ओला आहे. यंदा राहू द्या.”

“गप बस. अजून वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली राबू का?” गवंडी खेकसला. पण मान वर करून कमानीकडे काही त्यानं पाहिलं नाही.

ती सासूकडे गेली. सासू म्हणाली, “मीही बसले होते तुझ्या सासऱ्याच्या कमानीखाली. भ्याले. मेले का?”

मग ती राजाच्या पारख्याकडे गेली. कमान तपासायचं काम त्याचं. तो जागचा हलला नाही. हसून म्हणाला, “रड, बाई, रड. रडणारीचाच नवरा मुद्रा नेतो.”

आता काय करावं? ओरडावं तर शुभ, रडावं तर आणखी शुभ!

परीक्षेच्या दिवशी ती पोरीला पोटाशी धरून पाटावर बसली. डोळ्यांत टिपूस नव्हता. गवंड्यानं पहिला टेकू काढला. ताटात भुरभुर वाळू पडली.

“आई, भातात कचकच लागतंय,” पोर म्हणाली.

“जेव गं, शकुन आहे!” बाहेरून लोक ओरडले.

दुसरा टेकू निघाला. वरती काहीतरी करकरलं. गवंडी शेवटच्या टेकूकडे वळला, तशी ती उठली आणि त्या लाकडाला मिठी मारून उभी राहिली.

“हा टेकू मी काढते. तुम्ही या, बसा माझ्या पाटावर.”

“लोक बघतायत. बाजूला हो!”

“बघू देत. भात वाढलेला आहे. या.”

पारखीही म्हणाला, “बस की रे. चार घास खा.”

गवंड्यानं एक पाय कमानीखाली टाकला. वर पाहिलं. आणि पाय मागे घेतला.

तो पाय सगळ्यांनी पाहिला. गवंडिणीनं टेकू सोडला, पोरीला उचललं आणि धूम ठोकली. ती बाहेर पडते न पडते तोच टेकू मोडला आणि कमान धडाडून पाटांवर बसली. ताटवाट्यांचा चेंदामेंदा झाला.

बोध आत्ताच सांगते, कारण शेवटी फक्त एक नाव उरायचं आहे: भ्यालेल्याचं म्हणणं आधी ऐकावं, आणि ज्या छताखाली आपण बसणार नाही, त्याखाली दुसऱ्याला बसवू नये.

तिथं रिवाज होता, की पडलेल्या कमानीचा दगड वेशीवर उभा करायचा आणि ज्याचा दोष, त्याचं नाव त्यावर कोरायचं. छिन्नी आली. सासू किंचाळली, “हिचंच कोरा! ही रडली नाही म्हणून पडली!” गवंडी म्हणाला, “भट्टीवाल्याचं कोरा, त्यानं चुना कच्चा दिला.”

पारख्याची मान खाली गेली होती. तो म्हणाला, “काल तुझं ऐकलं नाही, बाई. आज ऐकतो. कुणाचं नाव?”

त्या राज्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं म्हणत. तीही ते मानायची. मग तिनं पोरीच्या केसांत अडकलेला चुना बोटांनी काढला. तो अजून ओलाच होता.

आणि जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं.

“कोंडाजी.”