हणमंत मेस्त्रीचा कोरा कागद

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात हणमंत पांचाळ नावाचा मेस्त्री होता. हातात कसब मोठं, पण कौतुकाचा सोस त्याहून मोठा. ऑइल गळणारी गाडी दुरुस्त केली की तो खाली पांढरा कागद पसरायचा, तासभर इंजिन चालू ठेवायचा आणि मग तो कोरा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

एकदा कुमुद सिस्टरांची जुनी मोटार आली. वाड्यावस्त्यांवरच्या अडलेल्या बायांना सिस्टर याच गाडीतून दवाखान्यात आणायच्या. ज्या रबरी पट्ट्यावाचून इंजिन चालत नाही, त्या टायमिंग बेल्टच्या बाजूने ऑइल ठिबकत होतं. ऑइल अडवणारं आतलं सील गेलंय, हे हणमंताने बघताक्षणी ओळखलं. पण सील बदलायचं म्हणजे बेल्ट उतरवायचा, अख्खा दिवस मोडायचा. सिस्टरांना तर गाडी संध्याकाळीच हवी होती. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने बेल्टवरच्या कव्हरच्या कडा सिलिकॉनने चौफेर लिंपून टाकल्या. थेंब बंद, कागद कोरा! सिस्टरांनी तोंडभरून कौतुक केलं आणि गडी खूश झाला.

महिन्याभराने भर दुपारी सिस्टरांचा फोन आला. गाडी घाटात एकाएकी बंद पडली होती आणि आत बाई कळा देत होती. हणमंत शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन धावला. पोहोचतो तर बाई रस्त्याकडेलाच बाळंत झालेली. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरलेला. भोवती माणसं जमलेली, सगळ्यांचे कान त्या आडोशाकडे लागलेले. बाळ रडत नव्हतं.

काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने कव्हर खोललं. अहो, तळाशी साचलेलं काळं ऑइल भसकन त्याच्या हातांवर आलं! त्यात भिजून भिजून रबरी बेल्ट फुगला होता, त्याचे दाते झडून गेले होते. जी गळती बंद केली म्हणून तो मिरवला, ती महिनाभर आतल्या आत बेल्ट खात बसली होती. मी हे काय करून बसलो, एवढंच मनात येत राहिलं.

तेवढ्यात आडोशामागून रडणं ऐकू आलं. लोकांनी देवाचं नाव घेतलं. सिस्टर घाम पुसत बाहेर आल्या आणि उलट त्यालाच धीर देऊ लागल्या.

"तुमचा काय दोष, मेस्त्री? तुमचा कागद तर कोरा होता. आमचंच नशीब."

तो गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण ते त्याला गिळवेना. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "नशीब नाही, सिस्टर. गळती मी थांबवलीच नव्हती. नुसती बाहेरून बुजवली होती."

सिस्टरांनी त्याच्या ऑइलने माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते नंतर बोलू. आधी हात धुवा आणि बाईला उचलायला या."

तात्पर्य इतकंच: दोष बाहेरून झाकला म्हणजे तो गेला असं नाही, तो आत साचत राहतो आणि ज्याचा काहीच अपराध नाही, अशा माणसाला जाऊन गाठतो.