आंबरखडीची चौथी खुंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते आंबरखडीत कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं एस.टी. यायच्या आधीची, कुणी म्हणतं एस.टी. होती पण ओढ्याअलीकडे यायला घाबरायची. तुम्ही वादात पडू नका. गोष्ट ऐका.

आंबरखडी हे माळावरचं, पलटणीत माणसं पाठवणारं गाव. तिथला निवृत्ती हवालदार पेन्शनीवर घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि एक मोठा तांबडा चेंडू होता. त्याच साली विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं आणि मोटा अडगळीत गेल्या. हवालदाराने एका मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं काढलं, भैरोबाच्या देवळापुढच्या लिंबाला ठोकलं, आणि गावाला बास्केटबॉल लागला. दुसरं कडं समोर खांब रोवून बसवलं. जत्रेला शेजारच्या दहिवळीशी सामना होऊ लागला. जो जिंकेल त्या गावाची सासनकाठी पालखीच्या पुढे नाचायची आणि हरलेल्या गावाने मागून धूळ खात यायचं.

त्या पहिल्या दिवसांत गावात तीन गार्ड होऊन गेले. गार्ड म्हणजे चेंडू सांभाळत पुढे नेणारा आणि बाकीच्या चौघांना खेळवणारा. एक होता गणू पारा. त्याच्या हातातला चेंडू कुणाच्या चिमटीत आला नाही. असं म्हणतात, भर पावसात तो चेंडू आपटत ओढ्यापर्यंत जाऊन आला आणि चेंडू कोरडा होता. दुसरा गोफण्या शंभू. तो लांबूनच फेकायचा. असं म्हणतात, त्याने एकदा देवळामागून चेंडू टाकला, तो कळसावरून गेला आणि कड्याला न शिवता त्याच्या आतून खाली पडला. तिसरा राघू, हवालदाराचा धाकटा भाऊ. तो न बघता पास द्यायचा. कुठला गडी कुठे पोहोचणार आहे ते त्या गड्याच्या आधी राघूला कळायचं.

गणू म्हातारा होऊन गेला. शंभू मुलाकडे परगावी गेला. राघू पलटणीत गेला तो परत आलाच नाही. गावाने भैरोबाच्या सभामंडपात तीन खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर तिघांच्या तीन बंड्या टांगल्या.

आणि तिथूनच गावाला खोड लागली. पाळण्यातल्या पोराकडे बघून बाया म्हणतात ना, नाक आजोबांवर गेलंय, हनुवटी आत्यावर? तसंच आंबरखडीचे तीन जाणते नव्या खेळाडूला म्हणायचे. निवृत्ती हवालदार, ज्ञानू लोहार आणि तुका गुरव असे तिघे पारावर बसायचे, नवा गडी त्यांच्यासमोर खेळायचा, आणि मग ठरायचं, हा कुणावर गेला. गणूवर गेला तर गणूच्या खुंटीचा, शंभूवर गेला तर शंभूच्या. मग त्याने त्या बंडीला डोकं टेकवायचं आणि आयुष्यभर त्या बंडीच्या मालकासारखं खेळायचं. ज्याला खुंटी नाही त्याने परगावाशी खेळायचं नाही. तुम्ही हसाल, पण गाव हे प्रेमापोटीच करत होतं. हवालदार तर प्रत्येक नव्या पोरात राघूच शोधायचा. वीस वर्षं शोधत होता. आंबरखडी सात जत्रा ओळीने हरली होती, तरी शोधत होता.

त्या साली चैत्रात धुळा हाके नावाचा धनगर आपली मेंढरं घेऊन आला. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, जमिनीला खत मिळतं. त्याची लेक बायडा सोळा-सतरा वर्षांची. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, आणि चाल अशी संथ, की बघणाऱ्याला वाटावं हिला कुठे जायचंच नाही.

दुपारी मेंढरं लिंबाच्या सावलीला बसायची तेव्हा बायडा खेळ बघत उभी राहायची. एकदा चेंडू तिच्या पायाशी आला. तिने काठी खाली ठेवली, चेंडू उचलला आणि आपटत आपटत परत द्यायला निघाली. पोरं थट्टेने तिच्या वाटेत आली. ती धावली नाही. जरा डावीकडे झुकली, दोघं डावीकडे गेले. अर्धं पाऊल थांबली, तिसरा पुढे येऊन चौथ्यावर आदळला. मधून वाट मोकळी झाली तशी ती चालत गेली आणि चेंडू ज्याचा त्याच्या हातात ठेवला. पोरांचं हसू थांबलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच तिला बोलवायला सुरुवात केली.

बायडाला त्या खेळाने वेड लावलं. जन्मल्यापासून ती माळावर एकटी फिरली होती. हाक मारायची तर मेंढरांना किंवा कुत्र्याला. इथे पहिल्यांदाच चार माणसं तिच्या हाताकडे बघत धावत होती आणि तिने चेंडू टाकला की खुलत होती. तिला खेळायचं होतं. यापेक्षा दुसरं काही तिने आजवर मागितलं नव्हतं.

योग असा, की जत्रेला पंधरा दिवस उरले आणि संघातल्या पाचव्या गड्याला, म्हणजे गार्डालाच, पलटणीचं बोलावणं आलं. तो गेला. गावात दुसरा खेळणारा नव्हता. पोरांनी जाणत्यांपुढे बायडाचं नाव काढलं. मुलगी म्हणून थोडी कुजबुज झाली, धनगराची म्हणून थोडी झाली, पण सात वर्षं धूळ खाल्लेलं गाव होतं ते. हवालदाराने तिला समोर बोलावून गार्डाचं काम समजावलं. चेंडू जपायचा, आपल्या चौघांना जागेवर ठेवायचं, समोरच्या गड्याला पाहिजे तिकडे वळवायचं, कुणाला भरकटू द्यायचं नाही.

"मेंढरं राखायचंच काम की हे," बायडा म्हणाली.

मग ती खेळली, आणि पंचाईत झाली. ज्ञानू लोहार म्हणाला, हात गणूचा आहे, चेंडू तळव्याला चिकटतो. तुका गुरव म्हणाला, मनगट बघा, सरळ शंभूवर गेलंय. हवालदाराने राघूच्या खुंटीकडे बोट दाखवलं. त्याचे डोळे भरले होते. पोरगी न बघता पास देत होती. तीन दिवस वाद चालला. लोहाराने गुरवाकडे बघणं सोडलं, गुरवाने लोहाराचा प्रसाद बंद केला. शेवटी तोड निघाली. तिघांनी तिला आपापल्या माणसासारखं शिकवायचं, आणि तिला जे साधेल ती तिची खुंटी.

बायडा मन लावून शिकली. लोहाराने तिला पाऱ्यासारखं पळायला लावलं. गुरवाने लांबून फेकायला लावलं, दिवसाला दोनशे वेळा. हवालदाराने राघूची मान कशी वळायची, राघू श्वास कुठे घ्यायचा, तेसुद्धा करून दाखवलं. बायडाला वाटायचं, एवढी मोठी माणसं एवढ्या मायेने सांगतायत, तर आपलंच काहीतरी कमी पडत असणार. आठव्या दिवशी ती मैदानात उतरली आणि तिला चेंडू नीट आपटेना. पळावं की फेकावं की मान वळवावी, हे ठरेपर्यंत चेंडू दुसऱ्याच्या हातात गेलेला असायचा. पोरं खाली बघू लागली.

त्या संध्याकाळी मेंढरंसुद्धा तिला जुमानेनात. तिच्या पायांना घाईची सवय लागली होती. ती धावली की मेंढरं बिचकायची, उधळायची. धुळाने लांबून बघितलं आणि विचारलं, "काय गं, कुनाच्या पायांनी चालतीयास?"

बायडा थांबली. नुसती उभी राहिली. श्वास जागेवर आला तशी डावीकडे जरा झुकली, अर्धं पाऊल टाकलं, जिभेने टर्र असा आवाज काढला. मेंढरं एक एक करून वळली आणि कळपात आली. तेव्हा तिला रडू फुटलं, कारण हे तिला येत होतं आणि हे कुणी मागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तिघा जाणत्यांपुढे गेली. मला कुठलीच खुंटी साधत नाही, मी माझ्यासारखीच खेळेन, असं तिने सांगितलं. लोहार म्हणाला, असं कधी झालेलं नाही. गुरव म्हणाला, असं देवाला चालायचं नाही. हवालदार तिला समजावू लागला, की पोरी, तू राघूवरच गेलीयस, तुला अजून कळत नाही इतकंच.

बायडाने भाबडेपणाने विचारलं, "आन् राघूअन्ना कुनावर गेलं हुतं, आबा?"

हवालदार रागावला आणि उठून गेला. खुंटी नाही तर खेळ नाही, एवढं मात्र जाता जाता बोलून गेला.

जत्रा आली. चैत्राचं ऊन, लिंब मोहराने पांढरा झालेला, ढोल वाजतायत. आंबरखडीचे चार गडी मैदानात उतरले. दहिवळीवाले हसले आणि म्हणाले, चार तर चार. अर्धा खेळ झाला तेव्हा दहिवळीचे बावीस गुण होते आणि आंबरखडीचे सहा. बायडा मेंढरं घेऊन कडेला उभी होती. आपले गडी चुकीच्या बाजूला धावतायत, हे तिला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

हवालदार पारावर राघूची बंडी मांडीवर घेऊन बसला होता. पोरीचा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या कानात होता. राघू पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा सभामंडपाची भिंत कोरी होती. कुणी त्याला सांगितलं नव्हतं की मान अशी वळव. राघू राघूसारखा खेळला, म्हणून तर आपण बंडी जपून ठेवली. आपण ती पोरांच्या गळ्यात घालून वीस वर्षं काय करत होतो? म्हाताऱ्याला हे भर मैदानात, ढोलांच्या आवाजात उमगलं. तो उठला आणि सरळ बायडाकडे गेला.

"बायडे," तो म्हणाला, "तुझ्या वाघरंची येक मेख दे."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि मेख म्हणजे ती ताणून धरणारी लाकडी खुंटी. बायडाने मेख दिली. हवालदाराने वाटेतला दगड उचलला, सभामंडपात गेला, आणि तीन खुंट्यांच्या शेजारी, सगळ्या जत्रेदेखत, चौथी ठोकली. लोहार धावत आला तो अडवायला, पण मेख वाकडी जातेय हे बघून त्याला राहवलं नाही. त्याने दगड हिसकावून घेतला आणि शेवटचे दोन घाव स्वतः घातले.

बायडाकडे बंडी नव्हती. तिने खांद्यावरची घोंगडी काढली, मेखेला अडकवली आणि मैदानात उतरली.

पुढचं असं सांगतात. बायडा त्या दिवशी एक पाऊलसुद्धा धावली नाही. ती चालली, थांबली, झुकली. ती झुकली की दहिवळीचे दोघे झुकायचे. ती थांबली की एकमेकांवर आदळायचे. हळूहळू त्यांचे पाचही गडी लिंबाच्या सावलीला असे गोळा होऊ लागले, की जणू दुपारचा कळप बसलाय. असं म्हणतात, त्यांच्या एका गड्याने खाली वाकून गवताकडेही बघितलं. दहिवळीचे लोक हे कबूल करत नाहीत, ते त्यांचं त्यांच्याजवळ. मोकळ्या मैदानात बायडा आपल्या चौघांना एकेक चेंडू द्यायची आणि ते तो टाकायचे. तिची मेंढरं मैदानाच्या चारी बाजूंना रेघ धरून बसली होती आणि एकाही मेंढराने ती रेघ ओलांडली नाही.

अठ्ठावीस-अठ्ठावीस झाले आणि शेवटचा चेंडू बायडाच्या हातात आला. चौघेही अडकले होते. तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतः फेकला. चेंडू वर गेला, मोटेच्या कड्यावर टेकला आणि थांबला. आत जाईना, बाहेर पडेना. ढोल थांबले. बायडा कड्याखाली गेली, वर बघितलं, आणि मागे रेंगाळलेल्या कोकराला बोलवावं तसा जिभेने आवाज काढला.

टर्र.

चेंडू आत पडला. त्याच्यामागून लिंबाचा सगळा मोहर खाली आला, असं म्हणतात, आणि जत्रेतला प्रत्येक माणूस पांढरा झाला. आंबरखडीची सासनकाठी आठ वर्षांनी पालखीपुढे नाचली. ती धरायला धुळा हाके होता.

पावसाच्या आधी मेंढरं निघाली तशी बायडा गेली. पण पुढे कितीतरी चैत्र ती येत राहिली. एकदा, तिचे केस पिकल्यावर, कुणी एका पोरीकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणालं, ही अगदी बायडावर गेलीय. म्हातारी म्हणे एवढी चिडली की काठी घेऊन त्याच्या मागे लागली. लोहाराची शिकवणी सुटल्यानंतर आयुष्यात धावली ती तेव्हाच.

आज आंबरखडीला सिमेंटचं मैदान आहे, काचेचा बोर्ड आहे, एस.टी. थेट पारापर्यंत येते. लिंबावरचं मोटेचं कडं मात्र तसंच ठेवलंय. चैत्रात नवी पोरं-पोरी पहिल्यांदा खेळायला येतात तेव्हा जाणते आधी तोंडात गुळाचा मोठा खडा धरतात. तो विरघळेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि कुणाची आठवण काढायची नाही, नुसतं बघायचं. याला बायडाचा गूळ म्हणतात. नवा खेळाडू घरून आपली खुंटी घेऊन येतो. कुणी जुन्या मागाची आणतं, कुणी नांगराची, गेल्या वर्षी एका मुलीने क्रिकेटच्या तुटलेल्या स्टंपची आणली होती. सभामंडपाची भिंत आता खुंट्यांनी भरलीय. मधोमध ती वाकडी मेख आहे आणि तिच्यावर काळी घोंगडी.

कुणी ना कुणी नवखं पोर दरवर्षी विचारतंच, की मी कुणावर गेलोय. जाणत्यांच्या तोंडात गूळ असतो. ते चौथी खुंटी ठोकली तो, हवालदाराने जपून ठेवलेला दगड उचलतात आणि त्याच्या हातात देतात.