सातव्याचा ताप

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका लोखंडी कपाटात सोळा सर्व्हर दाटीवाटीने राहत. दाराशी बसलेलं पहारेकरी यंत्र प्रत्येकाला ताप विचारी आणि दूरगावच्या मालकाला कळवी.

एकदा सहाव्याने खरा ताप सांगितला. मालकाने तिकडूनच कळ दाबली आणि सहावा विझला.

"संपला बिचारा!" शेजारचा सातवा घाबरून पुटपुटला. त्याचंही अंग भाजत होतं. तरी पहारेकऱ्याने विचारताच तो म्हणाला, "छे हो, मी ठणठणीत!"

पहारेकऱ्याने तसंच कळवलं. हुकूम आला, "सगळे बरे आहेत, पंखे मंद करा." वारा पडला.

थोड्या वेळाने, निवलेल्या सहाव्याला मालकाने पुन्हा जागं केलं. आळस देत त्याने विचारलं, "सातव्या, जळका वास कुठून येतोय रे?"

सातव्याकडून उत्तर आलं नाही.