घोंगडी पांघरलेला चोर

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे त्यांचा शिष्य तणतणतच आला. त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या आत्याच्या मानेत गाठ झाली होती. शिष्याचे म्हणणे, जहाल औषध देऊन गाठ जाळून टाकावी. गुरूंनी मात्र एक साधा दिसणारा काढा दिला होता आणि तो घेतल्यापासून आत्याला ताप भरला होता.

"गुरुजी, गाठ राहिली बाजूला, ताप मात्र आला! आत्या हातची जाईल हो!"

वैद्यांनी जाऊन आत्याची नाडी पाहिली, कपाळावर ओली पट्टी ठेवायला शेजारणीला सांगितले आणि शिष्याला घेऊन ते गावाबाहेर धनगराच्या कळपाशी गेले. ऊन अजून चांगले होते. धनगराशी हळू आवाजात काहीतरी बोलून त्यांनी त्याची मळकी घोंगडी मागून घेतली आणि ती शिष्याच्या अंगावर पांघरली.

"एक कोकरू उचल आणि चालू लाग."

म्हातारपणी गुरूंची बुद्धी फिरली, असे शिष्याला वाटले. पण आज्ञा मोडायची कशी? त्याने कोकरू उचलले. राखणीची दांडगी कुत्री जवळ आली, घोंगडी हुंगली आणि शेपट्या हलवून पुन्हा आडवी झाली.

"कसली ही राखण!" शिष्य हसला. तेवढ्यात वैद्यांनी मागून घोंगडी ओढली.

मग काय विचारता! कुत्री अशी धावली, की शिष्य कोकरू सोडून थेट बाभळीवर चढला. काटे बोचल्याचेही भान त्याला उरले नाही. त्या गडबडीत एका कुत्र्याने वैद्यांचेच धोतर फाडले.

"बुवा, म्हनलं व्हतं न्हवं, लांब ऱ्हावा!" धनगराने हसत हसत कुत्री आवरली.

धोतर सावरत वैद्य म्हणाले, "बाळा, कुत्र्यांना मी नवे दात दिले नाहीत. बळ त्यांच्यापाशी होतेच, पण चोर घरच्या वासात दडला होता. काही रोग असेच आपल्याच देहाचे पांघरूण घेऊन बसतात आणि देहाचे राखणदार त्यांना घरचे समजून सोडून देतात. माझा काढा गाठीला मारत नाही, तिचे पांघरूण ओढतो. मात्र चवताळलेला राखणदार घरच्यांनाही चावतो, हे माझ्या धोतराला विचार! म्हणून वैद्याने औषध देऊन निघून जायचे नसते, उशाशी बसायचे असते. ताप फार चढला, तर तो आवरण्याचे औषधही माझ्या बटव्यात आहे."

आजचे डॉक्टरही कर्करोगासारख्या काही आजारांत अशाच विचाराची औषधे देतात आणि रुग्णावर तशीच नजर ठेवतात.

शिष्य आत्याच्या उशाशी बसला. पट्ट्या बदलत राहिला, जराशी कण्हली तरी तिची नाडी पाहू लागला. पुढे ताप उतरला. एका सकाळी मानेला हात लावून पाहतो, तो गाठ पुष्कळच ओसरलेली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आले.

"तुझ्या हाताला गुण आहे रे," आत्या म्हणाली.

"नाही गं आत्या. लढलीस तू. मी नुसता जवळ बसलो होतो."

"असं होय? मग भाकरी टाक दोन. लढून भूक लागलीय मला."