विराणी नावाची मुलगी

फार फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात जाळी विणणारी एक बाई राहत होती. तिचा नवरा गलबतावर चाकरीला होता. बायकोला दिवस गेलेले असताना तो दूरदेशी निघाला, आणि पुढे ना तो आला, ना त्याचा निरोप.

यथावकाश बाईला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पाळणा सजला, शेजारणी जमल्या. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या पुढे झाली.

बाई म्हणाली, "वन्सं, हिचं नाव विराणी."

आत्या थबकली. "नाव कानाला गोड आहे गं वहिनी. पण विराणी म्हणजे ज्याचं माणूस दुरावलं, त्याचं गाणं. कोवळ्या जिवाला असलं नाव कशाला?"

"त्यांच्या आठवणीशिवाय माझ्याकडे दुसरं काय उरलंय?" बाई म्हणाली.

आत्याचाही तो पाठचा भाऊ होता. तिचे डोळे भरून आले. ती वाकली, बाळाच्या कानात हळूच 'विराणी' म्हणाली. बायकांनी 'कुर्रर्र' केलं. नाव सगळ्यांनाच आवडलं.

मुलगी मोठी होऊ लागली. शहाणी होती, पण खेळात रमायची नाही. इतर पोरं वाळूत घरं बांधत, लाटांमागे धावत. ही मात्र एका खडकावर बसून समुद्राकडे बघत राही. कुणी बोलावलं तर म्हणे, "तुम्ही खेळा."

एकदा जवळच्या गावात जत्रा भरली. आत्या तिला न्यायला आली, तर मुलगी खडकावरून हलेना.

आईने विचारलं, "अगं, जा की! इथे काय आहे?"

"बाबांची वाट बघतेय. मी जत्रेला गेले आणि ते आले तर?"

"पण तू तर त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाहीस!"

"माझं नावच तसं आहे ना, आई? म्हणजे ते माझंच काम."

बाईच्या आता लक्षात आलं. सोबतीला म्हणून जे नाव ठेवलं, ते लेकरू ओझ्यासारखं वाहत होतं. ती खाली बसली आणि मुलीचे हात हातात घेऊन म्हणाली, "वाट बघणं माझं आहे, बाळा. मी ते चुकून तुझ्या वाट्याला दिलं. तुझं नाव आपण बदलू. तू सांगशील ते ठेवू."

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"नाव नको बदलूस. मला आवडतं ते. फक्त एक कर. हाक मारताना तू नेहमी समुद्राकडे बघतेस. एकदा माझ्याकडे बघून मार ना."

बाईने डोळे पुसले. समुद्राकडे पाठ केली आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "विराणी!"

"ओ!" मुलगी हसली. टुणकन खडकावरून उतरली आणि आत्याचं बोट धरून जत्रेला गेली.

गलबत काही परत आलं नाही. बाईची नजर अजूनही क्षितिजाकडे जाई, हातातलं जाळं तसंच राही. पण लेकीला हाक मारायची वेळ आली, की ती आधी वळून अंगणात बघे.

तात्पर्य: मुलांना नाव कोणतंही द्यावं, पण आपलं दुःख त्यांच्या हवाली करू नये, हाक मारावी ती त्यांच्यासाठीच.