काळ्या चित्राचा अहवाल

"यात डाग कुठे आहे, सर? दाखवा ना," निरंजन म्हणाला.

तडवी सरांनी पडद्याकडे पाहिलं. जाड, कडक प्लास्टिकच्या गोल खिडकीचा एमआरआय. वरपासून खालपर्यंत काळाकुट्ट.

"डाग नाही खरा..."

निरंजन खूश झाला. खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांना ज्या बंद खोलीत बसवून हवेचा दाब चढवतात, त्या दाबकक्षाची ती खिडकी. तिच्या आत कुठेही पोकळी नाही, असं त्यानं कालच सही करून कळवलं होतं. सर निवृत्तीला टेकलेले. त्यांना आधी विचारावं असं काही त्याला वाटलं नव्हतं.

"पोकळी असती तर कशी दिसली असती?" सरांनी विचारलं.

"काळी."

"आणि धड प्लास्टिक?"

निरंजन पुन्हा पडद्याकडे वळला.

सर उठले. यंत्र रिकामंच होतं. त्यांनी ते तसंच चालवलं. चार मिनिटांनी दुसरं चित्र आलं. तेही काळं.

"यातली खिडकी कुठली?"

शरीरातलं पाणी यंत्राला बराच वेळ उत्तर देत राहतं. कडक प्लास्टिक क्षणभर बोलतं आणि गप्प होतं. यंत्र ऐकायला लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं. हे तो स्वतः पोरांना शिकवायचा.

"खिडकी कुठंय आता?"

"बसवली... दहाला चाचणी..."

दहा वाजून गेले होते.

तो धावत सुटला. कक्षात दाब चढला होता. खिडकीच्या आड तांडेल नावाचा पाणबुड्या बसला होता.

"थांबवा! उतरवा दाब!"

पण दाब एकदम सोडला तर आतला माणूसच दगावायचा. चाळीस मिनिटं लागणार होती.

तांडेलनं आतून हात हलवला. निरंजनला हात उचलवेना. दाबाचा काटा खाली येत होता... थांबल्यासारखा वाटत होता... पुन्हा येत होता. कुठे जरा करकरलं की तो खिडकीकडे पाहायचा.

तांडेल सुखरूप बाहेर आला. निरंजननं लगेच खिडकी उतरवून घेतली.

पुढचे दोन दिवस त्यानं खिडकी पुन्हा तपासली, या वेळी सरांनी दाखवलेल्या पद्धतीनं. लहर सोडली की लगेच ऐकायचं, एका वेळी एकच ठिपका. चित्र हळूहळू उजळत गेलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. एकही पोकळी नव्हती.

"सर! म्हणजे माझा अहवाल बरोबरच होता!"

सरांनी ती दोन्ही काळी चित्रं पुन्हा शेजारी शेजारी पडद्यावर लावली.

"तीच तर भीती आहे, निरंजन."