सतरावं वाक्य

"आणि हे सतरावं वाक्य?"

"मूळ पोर्तुगीज जरा अवजड होतं, सर. इंग्रजीत मी ते गुळगुळीत केलं."

"गुळगुळीत..." धुंगट सर म्हणाले.

पुंडलीक सिनाय धुंगट ब्याऐंशी वर्षांचे होते. मडगावात पोर्तुगीज कागदाचं भाषांतर त्यांच्या सहीशिवाय कुणी पक्कं मानत नसे. ओजस बखले दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता.

एका नव्या कापड दुकानात पोर्तुगालहून जुना सरकता जिना आणून बसवला होता. त्याचं माहितीपुस्तक ओजसने चार दिवसांत इंग्रजीत उतरवलं. आता फक्त सही हवी होती.

"जिना पाहिलास?"

"गरज काय, सर? शब्द चोख आहेत. पायरीच्या उभ्या बाजूला पोर्तुगीजमध्ये आरसा म्हणतात. दुसरा कुणी असता तर त्याने आरसाच लिहिला असता."

सर उठले. "चल."

दुपारचे दोन वाजले होते. दुकान बंद. आत जिना चालवायला नेमलेला मिलाग्रिस कुलासो एकटाच बसला होता. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, इंग्रजी कळत होतं.

जिना निश्चल होता. पायऱ्या वरून उतरत येऊन एका दातेरी पट्टीखाली जमिनीत शिरत होत्या. पुस्तकात त्या पट्टीला फणी म्हटलं होतं.

सरांनी ओजसला तिसऱ्या पायरीवर उभं केलं. मिलाग्रिसला जिना चालू करायच्या चावीपाशी. चावी शून्यावर, म्हणजे बंद होती.

"हा वाचेल तसं कर. मनाचं काही नको."

"बरं, सर."

मग सर गुडघ्यांवर बसले आणि उजव्या हाताची बोटं त्यांनी फणीच्या दातांत सरकवली.

"सर..."

"सतरावं वाच."

ओजसने वाचलं. हात फणीच्या बाहेर असेल तोवर चावी शून्यावर ठेवावी.



मिलाग्रिसने वाकून सरांच्या हाताकडे पाहिलं. "हात तर आत आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे आता फिरवायची." त्याने चावी चिमटीत धरली.

ओजसच्या पायाखालची पायरी सरकली. बोटभर... खाली, फणीच्या दिशेने.

"थांब. मिलाग्रिस, हात काढ चावीवरून."

मिलाग्रिसने चावी सोडली. सर मात्र तसेच बसून राहिले.

ओजसने मूळ पुस्तक उघडलं.  हात फणीतून बाहेर निघत नाही, तोवर चावी शून्यावर ठेवावी. मुळात 'नाही' होतं. वाक्यात ते खुपलं, म्हणून त्याने काढून टाकलं होतं.

तिथेच पायरीवर बसून त्याने वाक्य दुरुस्त केलं आणि पुन्हा मोठ्याने वाचलं. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

सरांनी बोटं बाहेर काढली. त्यांच्यावर दातांचे चार पांढरे वळ होते. कागद मांडीवर घेऊन त्याच हाताने त्यांनी सही केली.

ओजस खाली उतरला. त्याचा सगळा राग मिलाग्रिसवर निघाला. "चावी फिरवली असतीस तर? सरांचा हात गेला असता."

"कसा जाईल?" मिलाग्रिस म्हणाला. "जिन्याला वीज अजून जोडलेलीच नाही. उद्या माणसं येणार आहेत जोडायला."

"पण पायरी सरकली. मी वर उभा होतो."

मिलाग्रिसने जिन्याकडे पाहिलं, मग ओजसकडे. 

ओजस सरांकडे वळला. 

"सर, वीज नव्हती, चावी फिरली नव्हती... मग ती हलली कशी?"

सर बोटं चोळत होते.

"तू वाचलंस ना," ते म्हणाले, "म्हणून."